पाचटाचा कर्ब, कोळशाचा कर्ब

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, दोन कागद पुढे टाकले. एक माती परीक्षणाचा. त्यात सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आणि पुढे शेरा ‘कमी’. दुसरा कागद गुळगुळीत, रंगीत, चार पानी. उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरणारा वाळका पाला, जाळायचं नाही, नांगरट कमी करायची, त्यामुळे जमिनीत जो कर्ब साठेल त्याचं ‘क्रेडिट’, म्हणजे तेवढा कर्ब साठवल्याचा दाखला, विकलं जाईल आणि त्यातला वाटा शेतकऱ्याला मिळेल, असा करार. मोटारसायकलवरून आलेला एक पोरगा तो ठेवून गेला होता. चहा पिऊन, चार गोष्टी चांगल्या बोलून. आण्णांनी विचारलं, ‘‘ह्यातलं कार्बन आन आमचा कर्ब एकच का रं?’’

मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो. मूलद्रव्य एकच, त्यामुळे उत्तर चूक नव्हतं. पण पुण्याच्या एसटीत बसल्यावर लक्षात आलं की आण्णांचा प्रश्न रसायनशास्त्राचा नव्हताच. तो व्यवहाराचा होता. आणि व्यवहारात हे दोन कर्ब एक नाहीत. ते एकच आहेत असं धरून जे धंदे, जी धोरणं आणि जे सोहळे चाललेत, त्यांच्याबद्दल मला इथे भांडायचं आहे.

आण्णांच्या रानातल्या कर्बाचा फेरा छोटा आहे. उसाचं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्याची साखर करतं, कांडं करतं, पाला करतं. वर्ष-दीड वर्षात ऊस तुटतो. रस साखर होऊन कुणाच्या तरी चहात जातो, पिणाऱ्याच्या श्वासातून परत हवेत. चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतं, परत हवेत. पाचट रानात कुजलं तर जिवाणू खाऊन श्वास सोडतात, बहुतेक सगळं परत हवेत, थोडंसं मातीत मुरतं. शेजारणींमध्ये वाटीभर साखरेची उसनवारी चालावी तसं हे आहे. आज इकडून तिकडे, पुढच्या आठवड्यात तिकडून इकडे. वाडीत एकूण साखर तेवढीच.

या उसनवारीचा आकार प्रचंड आहे. जमिनीवरच्या वनस्पती दरवर्षी सुमारे १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात आणि वनस्पती, प्राणी, बुरश्या, जिवाणू मिळून जवळपास तेवढाच परत सोडतात. समुद्राचंही तसंच. माणूस कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट बनवून वर्षाला साधारण १० अब्ज टन सोडतो. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून एक संदेश व्हॉट्सअॅपवर फिरत असतो: निसर्ग माणसाच्या कितीतरी पट जास्त कार्बन सोडतो, मग आपल्यालाच बोल कशाला? आकडे बरोबर, हिशोब चूक. निसर्ग सोडतो तेवढा घेतोही, ही ओळ त्या संदेशात नसते. गल्ल्यातून दिवसाला लाख रुपये गेले आणि लाख आले तर दुकान चालू आहे. रोज पाच हजार कुणी वरून टाकत राहिलं तर वर्षाअखेर गल्ला फुगलेला दिसणारच.

आणि तो दिसतो. हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी २८० च्या आसपास होते, हे ध्रुवीय बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळतं. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली. कीलिंगच्या आलेखात मला सर्वांत आवडतो तो त्याचा करवतीसारखा दातेरीपणा. उत्तर गोलार्धात झाडं पालवली की रेघ खाली येते, पानगळ झाली की वर जाते. पृथ्वीचा श्वासच तो. पण प्रत्येक वर्षीचा दात आदल्या वर्षीपेक्षा वर लागतो. दाते म्हणजे उसनवारी आणि वर चढत जाणारी रेघ म्हणजे वरून पडलेली भर.

ही भर कुठून आली, याचा पुरावाही त्या हवेतच आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती किती जुनी, हे ज्या घड्याळानं ठरवलं ते कार्बन-१४ चं, म्हणजे कार्बनच्या एका किरणोत्सारी प्रकाराचं. जिवंत वस्तूत तो थोडा असतो, मेल्यावर दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात तो उरतच नाही. कोळसा जळतो तेव्हा कार्बन-१४ नसलेला कार्बन हवेत मिसळतो आणि हवेतलं त्याचं प्रमाण पातळ होतं. हान्स स्यूस या शास्त्रज्ञाला ही खूण १९५० च्या दशकात झाडांच्या वर्षवलयांत सापडली. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर बोलतो, तसं हे आहे. डेअरीवर रोज दूध घालणाऱ्याला अधिक समजावून सांगावं लागत नाही.

आता त्या दुसऱ्या कर्बाकडे. वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या पट्ट्यात जो कोळसा निघतो तो गोंडवन या प्राचीन महाखंडाच्या दलदलीत वाढलेल्या झाडांचा. त्यांची पानं अजूनही त्या थरांतल्या खडकांत ठसा उमटवून बसलेली सापडतात. ती झाडं मेली तेव्हा डायनोसॉरही जन्मले नव्हते. दरवर्षीच्या उसनवारीतून जे चिमूटभर परत आलं नाही, चिखलाखाली दबून राहिलं, ते कोट्यवधी वर्षं साठत गेलं. ही उसनवारी नव्हे, ठेव. आणि ती फेऱ्यातून बाहेर होती म्हणून आपल्या ओळखीची हवा, आपल्या ओळखीचा पाऊस तयार झाला.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. ते साठ टक्के क्षमतेनं चाललं असं धरलं तर वर्षाला सुमारे दीड हजार कोटी युनिट वीज होते. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वर्षाला दीड कोटी टन. राज्यात २०१९ साली ३३ कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं होतं. समजा सगळी लागली, सगळी जगली, शेळ्यांनी एकही खाल्लं नाही, आणि प्रत्येकानं वर्षाला २० किलो कार्बन डायऑक्साइड घेतला. बेरीज ६६ लाख टन. एका केंद्राच्या निम्मीसुद्धा नाही. पुन्हा झाड घेतं ते कायमचं घेत नाही. वणवा, कुऱ्हाड, वाळवी, रस्तारुंदीकरण, कशानं ना कशानं ते हवेला परत जाणार आहे.

वृक्षारोपणाचा मला राग नाही. सावली, पाणी, पाखरं यांसाठी झाडं लावावीत आणि जगवावीत. राग आहे तो रोपाबरोबर फोटो काढून कोळशाची पावती फाडण्याचा.

माझ्या स्वतःच्या फ्लॅटचं विजेचं बिल महिन्याला दीडशे युनिटच्या आसपास येतं. वर्षाचे १८०० युनिट. सगळी वीज कोळशाची धरली तर १.८ टन कार्बन डायऑक्साइड. ग्रिडमध्ये पाणी, वारा, सूर्य यांचीही वीज मिसळलेली असते, म्हणून सव्वा टन म्हणू. वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो आणि एक टन कार्बनचा हवेत गेल्यावर ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. उलट्या बाजूनं गणित मांडलं की कळतं, माझं एका वर्षाचं बिल म्हणजे वाळवून सातशे किलो भरेल असं झाड. आमच्या परड्यात जो आंबा आहे, मिठी मारली तर जेमतेम कवेत येतो, तो साधारण तेवढा असेल. त्याला तीस वर्षं लागली. मी बारा महिन्यांत तेवढं वापरलं, तेही एसी नसताना.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मलाही पटायला वेळ लागला. तोडणीच्या हंगामात आमच्या भागात संध्याकाळी पाचट पेटतं. आधी तडतड, मग कांदाभजी कढईत सोडल्यासारखा एकदम मोठा आवाज, आणि दहा-पंधरा मिनिटांत एकराचं रान काळं. काळ्या पिसांसारखी राख उडत अंगणात येते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. बघणाऱ्याला वाटतं, प्रदूषण ते हेच. त्या धुरानं खोकला होतो, बांधावरची झाडं होरपळतात, जमिनीवरचे किडे-जिवाणू भाजतात, हे सगळं खरं. पण हवेतल्या कार्बनच्या हिशोबात पाचटाचा कार्बन डायऑक्साइड ही गेल्या वर्षी हवेतूनच घेतलेली उसनी वाटी आहे. काजळी आणि थोडा मिथेन सोडला तर वरच्या खात्यात नवी भर नाही. याउलट औष्णिक केंद्राच्या चिमणीतला कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसतच नाही. धूर गाळून घेतला, राख अडवली, की चिमणी शुभ्र दिसते. पण भर तिथूनच पडते. दिसतं त्याच्यावर बोट ठेवायची आपली सवय आहे, आणि दिसतो शेतकरी.

मग पाचट जाळलं तर काय बिघडलं? बिघडतं ते जमिनीचं. ०.३८ टक्के म्हणजे शंभर किलो मातीत ३८० ग्रॅम कर्ब. आमच्या भागात आण्णांचं रान अपवाद नाही. शेण कमी झालं, कारण बैल गेले. पॉवर टिलर शेण टाकत नाही. खोल नांगरट करून उन्हात तापवलेली ढेकळं म्हणजे जिवाणूंना हवा आणि ऊब दोन्ही. ते मातीतला उरलासुरला कर्ब खाऊन टाकतात. आपल्याकडच्या उष्णतेत कुजणं आधीच वेगानं होतं, थंड देशांत जो कर्ब वर्षानुवर्षं टिकतो तो इथे लवकर उडतो. कर्ब गेला की मातीचे कण एकमेकांना धरत नाहीत, पाणी दिलं की वर पापुद्रा येतो, खाली घट्ट थर. आण्णा म्हणतात, ‘‘पूर्वी चार दिसांनी पाणी मागायचं न्हाई, आता तिसऱ्या दिशी रान उलतंय.’’ दिलेलं खत पिकाच्या मुळाशी थांबत नाही. म्हणून पोतं वाढतं. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण सरकार बाकीचा भार उचलतं. कुजलेल्या शेणखताच्या ट्रॉलीवर असा कुणी भार उचलत नाही.

पाचट रानात ठेवलं तर किती कर्ब मिळतो? एकरी साडेतीन-चार टन पाचट. त्यात दीड-पावणेदोन टन कार्बन. बहुतेक सगळा वर्ष-दोन वर्षांत जिवाणूंच्या श्वासातून जातो, टिकाऊ स्वरूपात मातीत राहतो तो फार तर दहावा हिस्सा, आपल्या हवेत त्याहून कमीच. एकराच्या वरच्या सहा इंच मातीत कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर सुमारे पाऊण टन कार्बन टिकवावा लागतो. पाच-सहा वर्षं, एकदाही काडी न ओढता. नुसतं टाकूनही भागत नाही. पाचटात कार्बन भरपूर आणि नत्र तुटपुंजं, त्यामुळे कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, पिवळा पडतो. म्हणून कुट्टी करून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणूखत टाकायचं, बुडखे छाटायचे, असं कृषी खातं सांगतं. भातपट्ट्यात नेरळच्या सगुणा बागेतून निघालेल्या पद्धतीत चिखलणीला फाटा देऊन मुळं जमिनीतच ठेवतात, तीही याच दिशेची. या गोष्टी चालतात. पण वेळ खातात आणि मजुरी खातात.

पाच वर्षांची ही मेहनत हवेच्या भाषेत मांडली तर एकरी सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड. माझ्या फ्लॅटचं दोन-सव्वादोन वर्षांचं बिल. आता रंगीत कागदावरचा व्यवहार पुन्हा वाचा. आण्णांनी पाच वर्षं पाचट राखायचं. त्यातून निघालेलं क्रेडिट कुठली तरी कंपनी घेणार, आणि ‘आमचं तीन टन उत्सर्जन फिटलं’ म्हणून सांगणार. तिची भट्टी चालूच. ज्या कार्बननं कोट्यवधी वर्षांच्या ठेवीतून बाहेर पाऊल टाकलं तो हवेत शतकानुशतकं रेंगाळणार, काही हिस्सा हजारो वर्षं. आणि त्याच्या बदल्यात आण्णांच्या मातीत ठेवलेला कर्ब एका नांगरटीत, एका दुष्काळात, जमिनीच्या एका वाटणीत परत हवेत. ठेव मोडून उसनवारीच्या वहीत जमा दाखवण्याचा हा प्रकार आहे. गावातल्या सोसायटीच्या सचिवानं असं केलं असतं तर त्याच्यावर चौकशी बसली असती.

मोजमापाचीही गंमत आहे. मातीचा नमुना घ्यायचा तर शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे करायचे, कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून चार ढीग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. प्रत्यक्षात कोण किती फिरतं ते सगळ्यांना माहीत आहे. आण्णांनी दोन वर्षांपूर्वी दिलेला नमुना ०.५१ आला होता. तो गोठ्याकडच्या तुकड्यातला होता. म्हणजे पाच वर्षांत जो फरक पडेल तो दाखवण्याआधी नमुन्याच्या चुकीतच बुडून जाऊ शकतो. दिशा कळायला हा कागद पुरेसा आहे. टनावारी विकायला नाही.

‘शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर तुमच्या पोटात का दुखतंय?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि पुण्यात बसून लिहिणाऱ्याला विचारलाच पाहिजे. पैसे मिळावेत याला माझा विरोध नाही. ते कशाबद्दल मिळतात, याला आहे. जमीन सुधारली, पाणी कमी लागलं, युरियाची गोणी वाचली, पुराचं पाणी मुरलं, हा सगळा सार्वजनिक फायदा आहे, त्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसे द्यावेत. खताच्या अनुदानातला एक वाटा कुट्टी यंत्रांकडे आणि शेणखताकडे वळवला तरी सुरुवात होते. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा आणला. लहान शेतकऱ्याला त्या बाजारात आणण्याचा त्यामागचा हेतू चांगला असेल. पण मातीच्या कर्बाचा दर चिमणीवाल्याच्या गरजेवर ठरणार असेल तर गरज सरल्यावर मातीचं काय, हे त्या बाजारात कुणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. सरासरी भारतीय माणसामागे वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड, जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त, अमेरिकेची सात पट. हवेत जी भर पडली आहे त्यात आपला वाटा लहान, मग आपण का मन मारावं? बरोबर. म्हणूनच आपली रानं परदेशी चिमण्यांची थकबाकी लपवायला वापरली जाऊ नयेत. ज्यांनी ठेव मोडली त्यांनी आधी मोडणं थांबवावं. आपणही टप्प्याटप्प्यानं थांबवावं, कारण आपल्याच पावसाचा प्रश्न आहे. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याचं जे काम राज्यात चालू आहे, त्यात खरोखर कोळसा जमिनीत राहतो. साखर कारखान्यात चिपाडावर वीज होते तेव्हाही राहतो, कारण उसनवारीतला कर्ब ठेवीऐवजी वापरला जातो. या दोन्हींत गोष्ट सरळ आहे: जो कोळसा काढला नाही तो फेडावा लागत नाही.

निसर्ग तरी फेडत नाही का? फेडतो. आपण सोडलेल्यातला निम्म्याहून थोडा जास्त कार्बन सध्या जंगलं, माती आणि समुद्र मिळून उचलतात. ही मेहेरबानी आहे, करार नव्हे. समुद्र त्यापायी आम्लाकडे झुकत चालला आहे आणि तापलेली माती अधिक श्वास सोडते. अगदी शेवटचा हिशोब दगड करतात. सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्या किंचित आंबट पाण्यानं पाषाण झिजतो, विरघळलेला कर्ब कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातो, तिथे शंख-शिंपल्यांत, मग चुनखडीत. खरी परतफेड हीच, ठेवीच्या जागी ठेव. पण आपण एका वर्षात काढलेलं या मार्गानं परत पुरायला कित्येक दशकं लागतात.

आण्णांनी करारावर सही केली नाही. माझ्या सांगण्यावरून नव्हे. त्यात पंधरा वर्षं नांगर घालायचा नाही अशी अट होती, आणि ‘‘पंध्रा वर्सांनी रान कुणाच्या नावावर आसंल ते मला तरी म्हाईत हाय का’’ असं त्यांचं म्हणणं. पाचट मात्र त्यांना राखायचं होतं. चार एकर खोडवा. यंदा फेब्रुवारीत कुट्टी यंत्र दोन एकरांवर फिरलं. पुढच्या नंबराला आठवडा लागणार होता, पाण्याची पाळी तीन दिवसांवर आली होती. उरलेले दोन एकर त्यांनी संध्याकाळी पेटवले.